लांगदॉकची वाईन सुधारली कशी, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

तुलूझकर

इथल्या एका जुन्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, फ्रान्समधून येताना कोणती वाईन आणू? उत्तरांत बोर्दो, बरगंडी, शँपेन. फ्रान्समध्ये क्षेत्रफळाने सगळ्यात जास्त द्राक्षमळे ज्या भागात आहेत त्या लांगदॉक-रूसियोंचं नाव एकानेही घेतलं नाही. मी तुलूझला राहतो, हा भाग आमच्या दाराशीच आहे, त्यामुळे जरा लागलं. म्हणून स्वतंत्र धागा.

ऱ्होन नदीच्या मुखापासून स्पेनच्या सीमेपर्यंत भूमध्य समुद्राला धरून गेलेला हा पट्टा. नीम, माँपेलिए, बेझिए, नार्बोन, कार्कासोन, पेर्पिन्याँ ही त्यातली मोठी गावं. किनाऱ्याजवळ सपाट सुपीक जमीन, मागे चुनखडीच्या आणि पापुद्री शिस्ट खडकाच्या टेकड्या, त्यांवर थाईम-रोझमेरीचं खुरटं रान. ऊन भरपूर, पाऊस तुटपुंजा, आणि वायव्येकडून सुटणारा त्रामोंतान नावाचा वारा असा की वेलीची पानं फार वेळ ओली राहतच नाहीत. डावणीचा (ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा) त्रास त्यामुळे कमी. फ्रान्समधलं सर्वाधिक सेंद्रिय द्राक्षक्षेत्र आज, हा पट्टा ज्यात येतो त्या ऑक्सितानी प्रांतात आहे, त्यात या वाऱ्याचा वाटा मोठा.

वेल इथे रोमन काळापासून आहे. नार्बोन ही रोमनांनी इ.स.पू. ११८ मध्ये वसवलेली वसाहत. पण आजच्या गोष्टीची सुरुवात रेल्वेपासून होते. १८५७ मध्ये बोर्दो ते सेत बंदर लोहमार्ग पूर्ण झाला, दुसरीकडून ल्यों-पॅरिसची वाट खुली झाली, आणि उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींतल्या कामगारांना स्वस्त तांबडी वाईन पुरवणारा प्रदेश अशी याची नेमणूकच झाली. मैदानात आरामॉन नावाची जात लावली गेली. ही जात हेक्टरी २०० हेक्टोलिटरच्याही (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर) पुढे जायची. रंग नाही, चव नाही, अल्कोहोल जेमतेम. मग त्यात अल्जीरियाची दणकट वाईन मिसळायची आणि रंगासाठी आलिकांत बूशे, म्हणजे जिचा गरसुद्धा लाल असतो ती जात. इतकं करून जे तयार व्हायचं ते पिंपांतून, पुढे टँकरमधून, गावाचं नाव न लावता विकलं जायचं.

मध्येच फायलोक्सेरा आला. वेलीच्या मुळांवर जगणारी, अमेरिकेतून आलेली ही मावावर्गीय कीड. फ्रान्समध्ये तिचा पहिला प्रादुर्भाव १८६३ च्या सुमारास याच भागात, गार जिल्ह्यात दिसला. १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने मरणाऱ्या वेलींच्या मुळांवर ती कीड शोधून काढली. उपाय शेवटी अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचं कलम हाच निघाला. पण या पुनर्लागवडीत एक गोष्ट घडली, जी मला कीडीपेक्षाही महत्त्वाची वाटते. टेकड्यांवरचे जुने मळे बरेचसे तसेच सोडून दिले आणि नवी लागवड मैदानात झाली, कारण तिथे काम सोपं आणि पीक जास्त. चांगल्या वाईनच्या जागा रानाला परत गेल्या.

मग १९०७. भाव कोसळले होते. एकीकडे अमाप पीक, दुसरीकडे साखर-पाणी घालून ‘वाईन’ बनवणारे भेसळखोर. आर्जेलिए गावात कॅफे चालवणारा आणि थोडी वेल राखून असलेला मार्सेलँ आल्बेर हा माणूस ११ मार्चला ८७ जणांना घेऊन नार्बोनला निघाला. दर रविवारी सभा, दर सभेला गर्दी दुप्पट. ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांहून जास्त लोक जमले. कर भरायचा नाही असं ठरलं, शेकडो गावांच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले. पंतप्रधान क्लेमाँसोने सैन्य पाठवलं. नार्बोनला गोळीबार होऊन माणसं मेली, आणि ते ऐकून सतराव्या पायदळ रेजिमेंटमधल्या स्थानिक पोरांनी बंड करून बेझिए गाठलं. आल्बेर गुपचूप पॅरिसला जाऊन क्लेमाँसोला भेटला. त्या मुरब्बी गड्याने त्याला परतीच्या तिकिटासाठी १०० फ्रँक दिले आणि ही बातमी पत्रकारांच्या कानावर घातली. आंदोलनाचा नायक एका दिवसात विकला गेलेला माणूस ठरला. भेसळीविरुद्ध कायदा मात्र जूनअखेर झाला. तो त्या लोकांनी मिळवला.

कायद्याने भेसळ आटोक्यात आली, आरामॉन तशीच राहिली. पुढची सत्तर वर्षं फार काही सांगण्यासारखी नाहीत. फ्रेंच माणूस वाईन पीत होता तोवर चाललं. १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला १०० लिटरच्या वर खप होता, आज तो ४० च्या आसपास आहे. आणि जी घटली ती नेमकी रोजच्या जेवणाबरोबरची स्वस्त तांबडी, म्हणजे इथलीच.

आता मुद्दा. इथली वाईन सुधारली याचं श्रेय स्टीलच्या टाक्या, तापमान-नियंत्रण, ओकची पिंपं यांना दिलं जातं. त्यांचा वाटा आहेच. पण माझं मत असं की हा प्रदेश सुधारला तो कमी पिकवून आणि मैदानातून पुन्हा टेकडीवर चढून. गेल्या पन्नासेक वर्षांत इथलं द्राक्षक्षेत्र जवळपास निम्मं झालं. आज लांगदॉक नामांकनाच्या (नामांकन म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच लावता येणारं नाव) तांबड्या वाईनला हेक्टरी ५० हेक्टोलिटरची मर्यादा आहे. आरामॉनच्या काळाचा पाव हिस्सा!

नामांकनं हळूहळू आली: फितू १९४८, फोझेर आणि सँ-शिन्याँ १९८२, कॉर्बिएर आणि मिनेर्व्वा १९८५. अलीकडे तेरास द्यु लार्झाक, ला क्लाप, पीक सँ-लू. गंमत म्हणजे या भागाचं नाव जगात ज्याने आधी केलं तो नामांकनाच्या बाहेरचा होता. मियो गावचा हातमोजे बनवणारा एमे गिबेर याने अनियान गावाजवळ जमीन घेतली. बोर्दोचे भूगोलतज्ज्ञ आँरी आंजालबेर यांनी ती माती पाहून इथे उत्तम वाईन होईल असं सांगितलं. एमिल पेनो यांच्यासारखा दिग्गज वाईनतज्ज्ञ सल्ल्याला आला आणि १९७८ मध्ये गिबेरच्या या मळ्याची, मा द दोमास गासाकची, पहिली तांबडी वाईन निघाली. मुख्य द्राक्ष काबर्ने सोव्हिन्यों, जे इथल्या नियमांत बसत नव्हतं. म्हणून लेबलवर साधा ‘देशी वाईन’चा दर्जा, आणि किंमत बड्या बोर्दोशी स्पर्धा करणारी.

लिहायला अजून बरंच आहे. प्रश्न आले तर बोलू.

---

निफाडचा बागायतदार

लेख आवडला. हेक्टोलिटर डोक्यात बसत नाही हो, एकरी टनात सांगा. आमच्याकडे टेबल द्राक्षाला एकरी दहा टन म्हणजे बरं पीक. वाईनच्या बागेला कंपनी निम्म्यावर थांबवते आणि वर साखर मोजून भाव ठरवते.

---

तुलूझकर

दादा, एक हेक्टोलिटर वाईनला साधारण १३० किलो द्राक्ष धरा. म्हणजे ५० हेक्टोलिटर = हेक्टरी साडेसहा टन = एकरी अडीच-पावणेतीन टन. आरामॉनचे २०० म्हणजे एकरी दहा टनांच्या पुढे. तुमच्या टेबल द्राक्षाएवढं!

टेकडीवरच्या कारिन्याँ या तांबड्या द्राक्षजातीच्या जुन्या बागा तर याच्याही खाली असतात. तार नाही, मांडव नाही, वेल जमिनीलगत झुडपासारखी सोडलेली. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. तुमच्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा दुहेरी खेळ नाही. काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, हल्ली आणखी अलीकडे सरकत चाललीय.

---

चष्मेबद्दूर

प्रस्तावनेत जे हळूच सरकवलंय त्यावर बोलतो. ‘क्षेत्र निम्मं झालं म्हणून दर्जा सुधारला’ हे वाक्य प्यायला बसलेल्याला गोड लागतं. ज्याचा मळा उपटला त्याला विचारा. युरोपीय समुदायाने उपटण्यासाठी पैसे दिले. म्हातारा शेतकरी, पोरगं माँपेलिएत नोकरीला, तो पैसे घेऊन मोकळा झाला. आणि पैसे हेक्टरी मिळत असतील तर माणूस काय उपटणार? जिथे पीक कमी, काम जास्त तेच. म्हणजे टेकडीवरचा जुना कारिन्याँ! मैदानातला ट्रॅक्टर चालणारा मळा राहिला. तुमच्या सिद्धांताच्या बरोबर उलट.

---

तुलूझकर

हा आक्षेप खरा आहे आणि इथले जाणकारही तो घेतात. जुन्या वेली गेल्या, आणि गेलेल्या पन्नास-साठ वर्षांच्या वेली अनुदान देऊन परत आणता येत नाहीत. तरी आरामॉन जवळपास नामशेष झाली हेही तितकंच खरं. ती मैदानातलीच होती. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या.

कारिन्याँबद्दल एक. याच द्राक्षाला सगळ्यांनी अनेक वर्षं शिव्या दिल्या: तुरट, आंबट, उद्धट. सरकारी सल्ला होता की ती काढा आणि सिराह, ग्रेनाश, मूर्वेद्र लावा. मग काही जणांनी अख्खे घड न चिरडता कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत ठेवायला सुरुवात केली. किण्वन मण्याच्या आतच सुरू होतं, तुरटपणा कमी उतरतो, फळाचा स्वाद वर येतो. आज तीच जुनी कारिन्याँ लेबलवर अभिमानाने छापतात. वाढत्या उन्हाळ्यात आम्लता टिकवणारं द्राक्ष हवंच आहे, हे आता सगळ्यांना पटलंय.

---

माधवी_ना

१९०७ बद्दल पहिल्यांदाच वाचलं. त्या सहकारी संस्थांचं काय? मी कार्कासोनच्या आसपास फिरले तेव्हा जवळजवळ प्रत्येक गावाच्या टोकाला एक अवाढव्य जुनी इमारत आणि दारावर ‘काव्ह कोऑपेरातिव्ह’ दिसायचं. काही बंद, काही चालू.

---

तुलूझकर

माधवीताई, त्या इमारतींना इथे ‘वेलींची कॅथेड्रलं’ म्हणतात. सुरुवात बेझिएजवळच्या मारोसाँ गावात १९०१ मध्ये झाली. समाजवादी चळवळीचा पगडा होता, १९०५ मध्ये स्वतः समाजवादी नेते जाँ जोरेस तिथे येऊन गेले. वाईन थेट पॅरिसच्या कामगार ग्राहक-संस्थांना जायची, मधला व्यापारी कटाप. १९०७ नंतर आणि विशेषतः दोन महायुद्धांच्या दरम्यान या संस्था गावोगाव उगवल्या. एकट्या शेतकऱ्याला टाक्या परवडत नव्हत्या आणि द्राक्ष तर थांबत नाही.

---

चष्मेबद्दूर

आणि त्यांनीच दर्जाचं वाटोळं केलं. वजन आणि साखर यांवर पैसे, सगळ्यांची द्राक्षं एकाच टाकीत. चांगलं पिकवणाऱ्याला आणि ढकलणाऱ्याला सारखाच भाव. ऊस पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

---

तुलूझकर

बऱ्याच ठिकाणी झालं तसं. पण सरसकट नको. कॉर्बिएरच्या आत, डोंगरात, आँब्र-ए-कास्तेलमोर या दोन गावांची मिळून एक संस्था आहे. तिथे मळा बघून, वेलीचं वय बघून द्राक्षं वेगळी ठेवतात आणि त्यांची वाईन या भागातल्या कुठल्याही खासगी मळ्याच्या बरोबरीने मोजली जाते. पिकपूल द पिने ही पांढरी वाईनही बहुतेक सहकारीच. सहकार हा दोष नव्हता. एका टाकीत ओतणं हा दोष होता.

---

हलकीफुलकी

दारूचं उदात्तीकरण करणाऱ्या धाग्यात मी फक्त ऐतिहासिक भागासाठी आले आहे हे नोंदवून ठेवते 😀 मी पीत नाही, पण क्लेमाँसोचा तो १०० फ्रँकचा डाव आवडला. पुढे आल्बेरचं काय झालं?

---

तुलूझकर

गावकऱ्यांनी वाळीत टाकल्यासारखंच झालं. काही काळ अल्जीरियात काढला, परत आला, गरिबीत १९२१ मध्ये गेला. आता पुतळा आहे. त्या सतराव्या रेजिमेंटच्या सैनिकांना ट्युनिशियात गाफ्साला धाडलं.

संघर्ष तिथे संपला नाही मात्र. ४ मार्च १९७६ ला नार्बोनजवळ माँरेदोंला स्वस्त इटालियन आयातीवरून द्राक्ष-उत्पादक आणि पोलिसांत गोळीबार झाला. एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी मेला. २०१६ मध्येही स्पेनच्या सीमेवर टँकर अडवून वाईन रस्त्यावर सोडली होती. दुधाची आंदोलनं पाहिलेल्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

---

पिनोप्रेमी

इतकं कौतुक चाललंय तर ही बाजूही येऊ दे. २०१० मध्ये कार्कासोनच्या न्यायालयाने इथल्या पुरवठादारांना शिक्षा सुनावली होती. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीला ‘पिनो न्वार’ म्हणून लाखो बाटल्या होतील इतकी वाईन विकली, ती निघाली मर्लो आणि सिराह. पकडले कसे? त्या भागात जितकी पिनो न्वार पिकते त्यापेक्षा जास्त विकली गेली होती म्हणून. पिणाऱ्यांपैकी कुणाची तक्रार नव्हती!

---

तुलूझकर

😀 ते प्रकरण इथे अजून चवीने सांगतात.

पण त्यामागे एक व्यवस्था आहे. १९८७ मध्ये वाईन-व्यापारी रोबेर स्काली वगैरे मंडळींनी ‘व्हँ द पेई दॉक’ हा ‘देशी वाईन’चाच एक दर्जा उभा केला, ज्यात लेबलवर द्राक्षाचं नाव छापता येतं. शारदोने, मर्लो, काबर्ने. फोझेर कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या ग्राहकालाही मर्लो कळतं. निर्यात त्यावरच उभी राहिली. नामांकनवाले नाकं मुरडतात, पण या प्रदेशाला ज्या काळात रोख पैशांची गरज होती तेव्हा तो याच बाटल्यांतून आला.

---

सुमेध_पुणे

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने माँपेलिए. एक रविवार मोकळा आहे. इतिहास नको, काय प्यायचं ते सांगा.

---

तुलूझकर

रविवार असेल तर बूझिगला जा, ‘तो’ (Thau) नावाच्या तलावाच्या काठी. ऑयस्टर आणि पिकपूल द पिने. आंबूस, खारट झाक असलेली पांढरी, थंडगार, खिशाला न लागणारी. ऑयस्टर चालत नसतील तर साध्या तळलेल्या माशाबरोबरही उत्तम. दुपारी त्याच तलावाकाठी मार्सेयाँला व्हर्मूथची (वनस्पती-मसाले मुरवलेल्या वाईनची) जुनी कोठारं आहेत, जिथे पिंपं मुद्दाम उघड्यावर उन्हापावसात ठेवतात.

परत आणायला तांबडी हवी असेल तर शिस्टवरची फोझेर किंवा उंचावरची तेरास द्यु लार्झाक. लार्झाकमध्ये दिवसा कडक ऊन आणि रात्री पठारावरून उतरणारी थंड हवा, त्यामुळे वाईन जड होत नाही. बुडबुडे हवे असतील तर लिमू गावची फेसाळ वाईन. तिथले लोक सांगतात की सँ-तिलेरच्या मठात १५३१ पासून फेसाळ वाईन होती, शँपेनच्या कितीतरी आधी. शँपेनवाल्यांसमोर हा विषय काढू नका.

---

कातालान जावई

रूसियोंला शेपटासारखं जोडून टाकल्याबद्दल सासरच्या वतीने निषेध. पेर्पिन्याँ १६५९ च्या तहापर्यंत निदान कागदोपत्री स्पेनच्या राजाकडे होतं आणि तिथे आजही स्वतःला कातालान म्हणवतात. बान्युल्स आणि मोरीच्या गोड वाईनचा उल्लेखही नाही? किण्वन चालू असताना मद्यार्क घालून ते थांबवायचं आणि द्राक्षाची नैसर्गिक साखर राखायची, ही युक्ती तेराव्या शतकातल्या आर्नो द व्हिलनव्हच्या नावावर सांगतात. जुनी बान्युल्स आणि काळं चॉकलेट खाऊन बघा, मग लांगदॉकबद्दल बोला.

---

तुलूझकर

निषेध नोंदवला, सासूबाईंना नमस्कार सांगा. रूसियोंवर तुम्हीच धागा काढा ना. शिवाय तिकडचा दुष्काळ तुम्ही जवळून पाहिलाय. २०२२ नंतर आगली खोऱ्यात जे झालं ते भयंकर आहे.

---

कातालान जावई

धागा काढतो. दुष्काळाबद्दल एवढंच की सासऱ्यांच्या ओळखीच्या एकाने पावसाची वाट बघत दोन हंगाम काढले आणि अर्धा मळा सोडून दिला. ऱ्होनचं पाणी नळाने पश्चिमेकडे आणायची ‘आक्वा दोमिसिया’ योजना हेरो आणि ओद जिल्ह्यांत पोचली, आमच्याकडे नाही.

---

चष्मेबद्दूर

उष्णतेचंच घ्या. २८ जून २०१९ ला हेरो जिल्ह्यातल्या व्हेरार्गला ४६ अंश. फ्रान्सचा विक्रम. त्या दिवशी घड वेलीवरच भाजले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कॉर्बिएरमध्ये लागलेल्या आगीत १६,००० हेक्टर जळालं. तेव्हा गावकरी काय म्हणत होते? पूर्वी गावाभोवती मळे होते, आग तिथे येऊन अडायची. मळे उपटले, तिथे रान माजलं, आग थेट घरांपर्यंत आली. आता पुन्हा हेक्टरी ४,००० युरो देऊन उपटणं चालूच आहे. ‘कमी पिकवा, चांगलं पिकवा’ याच्या हिशेबात हेही धरा.

---

तुलूझकर

धरलंच पाहिजे. आग लागल्यानंतर मी ओद जिल्ह्यातून गेलो, काळ्या डोंगरात मध्येच हिरवे तुकडे उभे होते ते सगळे मळे. कडेच्या ओळी करपल्या होत्या, आतला भाग शाबूत. रान आणि पडीक शेत मात्र सलग जळालेलं.

माझं म्हणणं एवढंच राहील की मैदानात आरामॉन ठेवूनही हे टळलं नसतं, कारण ती वाईन प्यायला माणूस उरला नव्हता. टेकडीवरचा मळा टिकवायचा तर त्या बाटलीला दहा-पंधरा युरो मिळायला हवेत, आणि लोक अजून लांगदॉक म्हटलं की पाच युरोच काढतात. वाईन सुधारली, नाव अजून सुधारायचंय.

---

निफाडचा बागायतदार

एक शंका राहिली. तुम्ही अमेरिकन खुंटाचं लिहिलंत. आमच्याकडे सगळं डॉगरिज खुंटावर, काही ठिकाणी ११० आर. ते तिकडूनच आलं का?

---

तुलूझकर

दादा, ११० आर मधला ‘आर’ म्हणजे रिश्टर. फ्रांझ रिश्टर हा माँपेलिएचा रोपवाटिकावाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हा संकर काढला. दुष्काळ सोसतो म्हणून इथे अजून भरपूर लावतात.

डॉगरिज मूळ टेक्ससचा. तिथला टी. व्ही. मन्सन हा द्राक्षतज्ज्ञ, त्याने निवडलेला. याच मन्सनकडे १८८७ मध्ये माँपेलिएचे पिएर व्हियाला चुनखडीत तग धरणारे खुंट शोधत गेले होते, आणि फ्रान्सने मन्सनला त्याबद्दल मानचिन्हही दिलं. डॉगरिज मात्र इथे कुणी लावत नाही. फार जोमदार, कमी पीक धरायचं असेल तर नकोसा.

---

निफाडचा बागायतदार

जोमदार तर आहेच, पानांचं रान माजतं. पण क्षारपड जमिनीत आणि खारट बोअरच्या पाण्यावर दुसरं काही उभं राहत नाही हो. ११० आर च्या बागेचा अनुभव असणारं कुणी दिंडोरीकडचं इथे असेल तर लिहा.